केबिनमधला इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला विषय दिला तो ‘टॉकीजच्या गोड आठवणी’. आठवणी आहेतच. १९७६ साली आपली बॅच एस.एस.सी. होऊन बाहेर पडली. कुणी कराडला गेलं, कुणी पुण्याला, आणि मी आपल्याच टॉकीजच्या केबिनमध्ये हरकाम्या म्हणून शिरलो, तो २०११ साली ऑपरेटर म्हणून बाहेर आलो. पस्तीस वर्षांत किती खेळ चालवले याचा हिशोब ठेवला नाही. पण लग्नकार्यात, एस.टी. स्टँडवर, अगदी दवाखान्यातसुद्धा शाळेतला जो कुणी भेटला त्याने एकच प्रश्न विचारला : “अरे, त्या पिक्चरमध्ये तो सीन होता की नव्हता? टीव्हीवर तर नाही दिसत.” मग त्यावर दोघातिघांची भांडणं.

मित्रहो, बहुतेक वेळा दोघंही बरोबर असतात. मुंबईत जो चित्रपट लागला तोच आपल्या गावात आला, हा आपला समज आहे. चित्रपटाचा इतिहास लिहिणारे नटनट्यांचा, दिग्दर्शकांचा, कंपन्यांचा इतिहास लिहितात, आणि तो लिहायलाच हवा. पण तालुक्याच्या गावाने पाहिलेला सिनेमा शेवटी केबिनमध्ये घडायचा, कात्रीने, सोल्युशनने आणि कार्बनच्या उजेडात. त्याची नोंद कुठल्याही पुस्तकात नाही. म्हणून गोड आठवणींच्या जोडीने थोडा इतिहासही लिहितो. शाळेत इतिहासात मला किती मार्क पडायचे हे सरांना आठवत असेल, पण हा विषय मात्र माझा पाठ आहे.

आपल्या देशात पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला, हे आपण सामान्यज्ञानाच्या वहीत लिहिलं होतं. ल्युमिए बंधूंचं नावही लिहिलं होतं. पण ल्युमिए बंधू त्या दिवशी मुंबईत नव्हते. एक रुपया तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर यंत्राचा दांडा फिरवणारा माणूस होता मारियुस सेस्तिए. ऑस्ट्रेलियाला निघालेला हा त्यांचा माणूस वाटेत मुंबईत थांबला आणि खेळ करून गेला. म्हणजे भारतात सिनेमाच्या धंद्यातला पहिला माणूस ऑपरेटर होता. नट, दिग्दर्शक सगळे मागाहून आले. हे मी केबिनमध्ये कुणालाही मोठ्या ऐटीत सांगत असे.

पुढे १८९९ मध्ये सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी परदेशातून कॅमेरा मागवून मुंबईत चित्रण केलं, ते कशाचं? तर कुस्तीचं! आपल्या भागातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्या काळी कच्ची फिल्म भोकं न पाडता यायची. तिच्या कडेची भोकं सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून यंत्रावर पाडत असत. फाळक्यांच्या कथेत हा तपशील एका ओळीत येतो आणि जातो. ऑपरेटरला मात्र तो फार मोठा वाटतो. एका चौकटीला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं असतात. त्यातलं एक जरी फाटलं तरी चित्र उडी मारतं. भोकं नीट, तर सिनेमा नीट.

मूकपटाच्या काळात यंत्राचा दांडा हाताने फिरवत. साधारण सेकंदाला सोळा चौकटी असा वेग धरायचा, पण तो शेवटी हाताचा वेग. मारामारी आली की हात जोरात, रडण्याचा प्रसंग आला की सावकाश, आणि रात्रीचा शेवटचा खेळ उरकायचा असला की सगळाच जोरात. एकाच चित्रपटाची लांबी प्रत्येक गावात वेगळी भरायची. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि दांडा हातातून गेला. आवाज आला की वेग ठरलेला हवा, नाहीतर गाणारी बाई रेडा बसल्यागत ओरडायची. सेकंदाला २४ चौकटी, मिनिटाला ९० फूट फिल्म, हा हिशोब तेव्हा जो बसला तो शेवटपर्यंत टिकला. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरहून थोडी जास्तच फिल्म. आपल्या शाळेपासून सरळ पसरली असती तर गावाची वेस ओलांडून शेतात गेली असती.

केबिनला जाड भिंती का, लोखंडी दार का, झरोक्यावर पडणारी लोखंडी झाप का, हे आमच्या वस्तादांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं. (मुख्य ऑपरेटरला सगळा गाव वस्तादच म्हणे.) ४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या यंत्राचा ईथरवर चालणारा दिवा भरताना आग लागली आणि सव्वाशेच्या आसपास माणसं मेली. शिवाय जुनी फिल्म नायट्रेटची. ती एकदा पेटली की पाण्यातसुद्धा जळते, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या पोटातच असतो. म्हणून सगळीकडे कायदे झाले. आपल्याकडे १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा झाला, त्यात सेन्सॉरइतकंच महत्त्व आगीपासूनच्या सुरक्षिततेला होतं. पुढे १९५३ साली मुंबई राज्याचा थिएटरांसाठी स्वतंत्र कायदा आला. नायट्रेटची फिल्म १९५० च्या सुमारास बनायची बंद झाली. नंतरची ‘सेफ्टी’ फिल्म जळत नाही, नुसती वितळते. तरी वाळूच्या लाल बादल्या शेवटच्या खेळापर्यंत भिंतीला टांगलेल्या होत्या. तपासणीला येणारे साहेब मशीन बघत नसत, आधी बादलीत वाळू आहे का ते बघत. त्या वाळूत वस्तादांच्या तंबाखूची पुडी सापडायची, ते वेगळं.

आता मशीनबद्दल. शास्त्राच्या सरांनी आपल्याला दृष्टिसातत्य शिकवलं होतं. डोळ्यासमोरून चित्र गेलं तरी त्याचा ठसा क्षणभर राहतो. वहीत व्याख्या लिहिली आणि विसरलो. केबिनमध्ये गेल्यावर त्या व्याख्येचं यंत्र दिसलं. फिल्म गेटमधून सरळ वाहत नाही. एक चौकट येते, थांबते, मग झटक्यात दुसरी येते. हे थांबणं-सरकणं सेकंदाला २४ वेळा. ते करणारा चार खाचांचा एक छोटा पोलादी क्रॉस तेलात बुडालेला असतो. एक खिळा फिरत येऊन त्याच्या खाचेत शिरतो, क्रॉसला पाव वळसा देतो आणि निघून जातो. फिल्म सरकत असताना प्रेक्षकाला ती सरकताना दिसू नये म्हणून पात्यांचं शटर उजेड अडवतं. थांबलेल्या चौकटीवरही ते एकदा उजेड तोडतं, म्हणजे डोळ्यांना लुकलुक जाणवत नाही. याचा हिशोब मांडला तर अडीच तासांच्या चित्रपटात जवळजवळ निम्मा वेळ पडद्यावर निव्वळ अंधार असतो. तुम्ही तिकिटाचे पूर्ण पैसे दिलेत आणि निम्मा वेळ अंधार बघितलात!

उजेडाचं काम त्याहून नाजूक. कार्बनच्या तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, टेकवून दूर करायच्या, की मध्ये आर्क पेटतो. त्यामागे आरसा. त्याला डी.सी. करंट लागतो, म्हणून रेक्टिफायर. कांड्या जळत जातात आणि मधलं अंतर वाढत जातं, म्हणून एक हात सतत त्या मुठीवर हवा. अंतर चुकलं की पडद्याच्या कडा काळवंडतात. आर्ककडे उघड्या डोळ्यांनी बघता येत नाही, काळ्या काचेतून बघायचं. वस्ताद तर काचेतूनही बघत नसत. ते आर्कचा आवाज ऐकत. बारीक सूं सूं चालू असली की ठीक, फुरफुरायला लागली की मूठ फिरवायची. मागाहून झेनॉनचे दिवे आले, ती कटकट गेली. पण तो दिवा थंड असतानाही आतून प्रचंड दाबाखाली असतो. बदलताना तोंडावर जाळी आणि हातात मोजे. नवी सून पहिल्यांदा देवघरातली समई उचलते, तितक्या जपून आम्ही तो उचलायचो.

एक मोठं रीळ दोन हजार फुटांचं, वीस-बावीस मिनिटांचं. म्हणून मशीन दोन. पहिल्यावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येतो. रीळ संपायला तेव्हा आठेक सेकंद उरलेले असतात. दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. मग दुसरा ठिपका येतो, सेकंदभर उरलेला. त्या ठिपक्याला चेंजओव्हर. एक झाप बंद, दुसरी उघडी, आवाजही बदलला. प्रेक्षकाला कळता कामा नये. कळलं की पत्र्यावर दगड आणि केबिनच्या दिशेने आईबहिणीचा उद्धार. नवी प्रिंट असेल तर ठिपके लॅबनेच पाडलेले असत. जुन्या प्रिंटवर रिळाची शेपटं तुटून तुटून ठिपके नाहीसे होत. मग प्रत्येक ऑपरेटर आपापल्या सवयीप्रमाणे खिळ्याने खूण ओरखडायचा. कुणी फुली, कुणी गोल, कुणी तिरकी रेघ. प्रिंट आमच्याकडे येईपर्यंत तिच्यावर चार-पाच गावांच्या खुणा जमलेल्या असत. वस्ताद रीळ हातावरून उलटं गुंडाळताना सांगायचे, “ही इचलकरंजीवरनं आली. फुली बघ.” त्या माणसाला ते कधी भेटले नव्हते.

इथून माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो.

चित्रपट मुंबईहून निघायचा. लॅमिंग्टन रोडवरची नाझची इमारत म्हणजे वितरकांचं पंढरपूर. आधी मुंबई-पुणे, मग जिल्ह्याची ठिकाणं, मग तालुके, आणि सगळ्यात शेवटी जत्रेतले तंबू. प्रिंटा मोजक्या काढत, कारण एकेक प्रिंट महाग. त्यामुळे आपल्याकडे पोस्टर यायचं एका वर्षी आणि चित्रपट यायचा पुढच्या. पत्र्याच्या पेट्या एस.टी.च्या टपावरून उतरायच्या, आपल्यातली निम्मी मुलं त्या बघायला स्टँडवर असायची. पेटी आली म्हणजे शुक्रवारी पिक्चर बदलणार. नावावर पैजा लागायच्या. पेटीबरोबर कधी कंपनीचा माणूस यायचा, तिकिटांचा हिशोब बघायला. आपला तो हिशोब झाला की चहा पिऊन झोपायचा.

एवढी गावं फिरून आलेल्या फिल्मवर उभे ओरखडे पडलेले असत, त्याला सगळे ‘पाऊस’ म्हणत. ऐन उन्हाळ्यातल्या सीनमध्येही पाऊस. फिल्म तुटली की तुटलेली टोकं साफ कापायची, एका टोकाचा लेप खरवडायचा, सोल्युशन लावून दुसरं टोक त्यावर दाबून धरायचं. याला ‘जॉइंट मारणं’ म्हणत. प्रत्येक जॉइंटला निदान दोन-चार चौकटी जातातच. भोकं फाटलेली असली तर हातभर फिल्म जाते. आवाजाची पट्टी चित्राच्या बाजूलाच असते, पण आवाज चित्रापेक्षा वीस चौकटी पुढे छापलेला असतो, कारण तो वाचणारा ड्रम गेटच्या खाली असतो. त्यामुळे फिल्म एका ठिकाणी कापली की चित्राची उडी एका ठिकाणी आणि आवाजाची उडी त्याच्या आगेमागे. खलनायकाने थप्पड मारली आणि आवाज आलाच नाही, असं आपण हसत हसत बघितलं आहे. तो कुणा साउंडवाल्याचा दोष नव्हता. कुठल्यातरी गावी त्या थपडेवर जॉइंट पडला होता.

हे झालं तुटण्याचं. दुसरं कापणं मुद्दाम केलेलं. तीन, सहा आणि नऊचे खेळ. चित्रपट तीन तासांहून लांब असला की सहाचा खेळ सुटेना आणि नऊवाल्यांची रांग रस्त्यावर. मग खालून निरोप यायचा, “एक गाणं उडवा.” कुठलं, ते केबिनने ठरवायचं. वस्ताद ते फार विचारपूर्वक ठरवत. ज्या गाण्याला लोक बिडी ओढायला बाहेर जातात ते. बायकांच्या बाजूने हुंदके येतात त्याला हात लावायचा नाही. लावणीला तर नाहीच नाही. राज कपूरच्या ‘मेरा नाम जोकर’ला दोन मध्यंतरं होती. पुढे तो छाटून फिरवला गेला. आपल्या गावाला दोन मध्यंतरं परवडली असती, चहावाल्याने तर नवसही बोलला असता, पण खेळांचं वेळापत्रक मोडलं असतं. तेव्हा मित्रहो, ते गाणं होतं. तुम्ही सहाच्या खेळाला गेला असाल आणि तो रविवारी दुपारी तीनला गेला असेल. दोघांनीही भांडू नये.

‘शोले’वरून तर आपल्याकडे अजून वाद आहेत. १५ ऑगस्ट १९७५ ला तो मुंबईत लागला आणि मिनर्व्हाला पाच वर्षं चालला. ज्यांनी तिथे सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर पाहिला ते आजही आपल्याकडे दयेने बघतात. पण एक गोष्ट त्यांना सांगा. मूळ चित्रण पस्तीस मिलिमीटरवरच झालं होतं. सत्तरचा रुंद पट्टा करताना वरचं आणि खालचं चित्र छाटून उरलेलं मोठं केलं गेलं. आपल्याकडे पस्तीसची प्रिंट आली. म्हणजे त्यांना रुंदी आणि सहा बाजूंचा आवाज मिळाला, आपल्याला थोडं जास्त आभाळ मिळालं. शिवाय शेवट. ठाकूर गब्बरला ठार मारतो असा शेवट चित्रित झाला होता, आणीबाणीतल्या सेन्सॉरने तो बदलायला लावला, पोलीस येतात असा केला. आपण पाहिला तो बदललेला. एका चित्रपटाचे किती चित्रपट असतात, बघा. आणि त्यात आमची कात्री धरलेलीच नाही.

कापलेल्या चौकटी कुठे जात, हे तुमच्यातल्या अनेकांना माहीत आहे, कारण त्या तुमच्या कंपासपेटीत होत्या. केबिनच्या जिन्याखाली मधल्या सुट्टीत उभी राहणारी पोरं आठवा. पाच पैशाला चार चौकटी. नटीची असेल तर दोनच. फुटक्या बल्बमधला आतला सांगाडा काढायचा, त्यात पाणी भरायचं, दाराच्या फटीतून आरशाने ऊन घ्यायचं, मध्ये फिल्मचा तुकडा धरायचा, की समोरच्या भिंतीवर उलटं-सुलटं चित्र. माझ्या आयुष्यातला पहिला प्रोजेक्टर तोच. कार्बनची जळकी थोटकंही पोरं न्यायची, भिंतीवर स्टंप काढायला उत्तम. शाळेच्या मागच्या भिंतीवर कितीतरी वर्षं तीन काळ्या रेघा होत्या, त्या टॉकीजच्या कार्बनच्या. मुख्याध्यापकांनी दोनदा चुना मारून घेतला, तरी पावसाळ्यात वर यायच्या.

शाळेचा आणि टॉकीजचा खरा संबंध मात्र ‘श्यामची आई’चा. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली काढलेला, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलेला चित्रपट. शाळांसाठी सवलतीच्या दरात सकाळचा खेळ लावायचे. आपण सहावीत होतो. रांगेने नेलं होतं, मुली डावीकडे, मुलं उजवीकडे. प्रिंट पुष्कळ फिरलेली, पाऊस धो धो. मध्येच एकदा मोठी उडी मारून आख्खा एक प्रसंग गेला. कुणाला काही कळलं नाही, सगळे रडतच होते. दुसऱ्या दिवशी मराठीच्या बाईंनी धडा बाजूला ठेवला, साने गुरुजींचं पुस्तक उघडलं आणि गेलेला प्रसंग तेवढा वाचून दाखवला. तासभर वर्गात आवाज नव्हता. पुढे बऱ्याच वर्षांनी शाळेच्याच मुलांसाठी तोच चित्रपट मी स्वतः चालवला. या खेपेची प्रिंट बरी होती, त्यात तो प्रसंग होता. मी झरोक्यातून बघत होतो. चित्रातली आई बोलत होती, पण मला आवाज बाईंचाच ऐकू येत होता. खरं म्हणजे वस्तादांचा नियम होता, “ऑपरेटरनं पिक्चर बघायचं नसतं, पडदा बघायचा.” फोकस, उजेड, ठिपका. गोष्टीत गुंतलास की ठिपका चुकलास. तो नियम मी त्या एका रिळापुरता मोडला. चेंजओव्हर मात्र वेळेवर झाला.

वस्ताद मूळचे तंबूतले. जत्रा असली की पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूंची रांग लागायची, तिथे त्यांचं शिक्षण झालं. तंबूत मशीन एकच, म्हणून दर रिळाला दिवे लावायचे. एका चित्रपटात पाच-सहा मध्यंतरं. लोकांना त्याचं काही नव्हतं, बायका तेवढ्यात पोरांना भाकरी खाऊ घालत. एका दृष्टीने तंबूच बरा, असं वस्ताद म्हणत, कारण लावणीला ‘वन्स मोअर’ आला तर रीळ उलटं गुंडाळून पुन्हा लावता यायचं. टॉकीजमध्ये पुढचं रीळ दुसऱ्या मशीनवर तोंड उघडून बसलेलं असतं. ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला, हे सगळे सांगतात. तंबूंत त्यातली कुठली रिळं किती वेळा लागली, याचा आकडा कुणाकडेच नाही. या तंबूंचे शेवटचे दिवस ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ सालच्या माहितीपटात आले आहेत. मुलांकडून लावून घ्या आणि बघा. लॉरीत बसवलेलं मशीन, त्याच्यावर हात फिरवणारी माणसं, सगळं जसंच्या तसं आहे.

‘जय संतोषी माँ’च्या वेळी लोक चपला बाहेर काढून आत येत आणि पडद्यावर नाणी फेकत, हे मी हरकाम्या असतानाचं. खेळ सुटल्यावर झाडू मारून नाणी गोळा करायचं काम माझं. पडद्याच्या खालच्या कडेला नाण्यांचे खळगे पडले होते. पुढच्या आठवड्यात मारामारीचं पिक्चर लागलं, तेव्हा नायकाच्या पायाशी ते खळगे दिसत होते.

आमचे वाईट दिवस एका झटक्यात आले नाहीत. आधी व्हिडिओ आला. मग १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवार सकाळ गेली. ‘माहेरची साडी’ने १९९१ मध्ये बैलगाड्या भरभरून बायका आणल्या, तेव्हा वाटलं दिवस फिरले. मग केबल, मग भारनियमन. जनरेटरच्या डिझेलला जेवढे लागत तेवढे गल्ल्यात जमत नसत. २००५ नंतर हळूहळू उपग्रहावरून चित्रपट उतरवायची पद्धत आली. मुंबईत लागतो त्याच शुक्रवारी आपल्याकडे. पाऊस नाही, जॉइंट नाही, ठिपका नाही. चित्र स्वच्छ, हे कबूल करायलाच हवं. तालुक्याच्या माणसाला पहिल्यांदाच मुंबईसारखा, त्याच दिवशी, पुरा चित्रपट मिळाला. याबद्दल तक्रार करणारा मी कोण?

आमच्याकडे तो डबा आला तेव्हा वस्ताद सत्तरीच्या पुढे होते. पगार बंद झाला होता, तरी नऊच्या खेळाला येऊन स्टुलावर बसत. पहिला आठवडाभर मी बघत होतो. दर अठरा-वीस मिनिटांनी त्यांचा उजवा हात मांडीवरून आपोआप उचलला जायचा, हवेत थांबायचा आणि परत खाली यायचा. आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही. दोन वर्षांनी टॉकीजच बंद झाली. मशीनं किलोवर गेली. लेन्स तेवढ्या एका हौशी माणसाने वेगळे पैसे देऊन घेतल्या.

जुन्या फिल्मचं हे असंच होत आलं आहे. मूकपटांच्या काळातले आपले बहुतेक चित्रपट आज उरलेले नाहीत, ‘आलम आरा’ची एकही प्रिंट नाही. लेपातली चांदी काढण्यासाठी कितीतरी फिल्म भंगारात गेली. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं, त्यामुळे पुष्कळ वाचलं. पण संग्रहालय चांगली प्रिंट शोधतं आणि ते बरोबरच आहे. फुल्या, गोल आणि तिरक्या रेघा ओरखडलेली, एक गाणं उडालेली, थपडेवर जॉइंट असलेली आपल्या गावाची प्रिंट कोण ठेवणार?

माझ्याकडे दोन रिळं आहेत. बंद पडलेल्या एका वितरकाकडे ती परत पाठवायची राहिली आणि मागायला कुणी आलं नाही. एका मराठी चित्रपटाचं तिसरं आणि सातवं रीळ. मधलं नाही, शेवट नाही. डबा उघडला की आता व्हिनेगरसारखा वास येतो. सेफ्टी फिल्म अशीच आंबत संपते, त्याला इलाज नाही. संमेलनाच्या दिवशी ती दोन्ही रिळं मी शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी ठेवणार आहे. हात धुऊन या, फिल्म कडेला धरा, चित्रावर बोट लावू नका. सातव्या रिळाच्या शेवटी वस्तादांची खूण आहे, दोन आडव्या रेघा. ज्यांना भिंतीवर चित्र बघायचं असेल त्यांनी एक उडालेला बल्ब आणि आरसा घेऊन यावं. पाणी शाळेत मिळेल. साडेअकरापर्यंत त्या खिडकीत ऊन असतं.